इनास मास्तर रडायचे

माटिल्डचा फोन आला तेव्हा मी कुडाळच्या घरी आरशासमोर दाढी करत होतो. माटिल्ड माझी धाकटी बहीण. "दादा, इनास गेलो," एवढंच ती म्हणाली आणि रडू लागली. मोठ्याने, मोकळ्या गळ्याने, मध्ये श्वास घेऊन पुन्हा... "लवकर ये" म्हणाली नाही, काय झालं ते सांगितलं नाही. मी फोन कानाला धरून उभा राहिलो. गालावरचा साबण वाळून ताणायला लागला. आवर, धीर धर, असलं काही मी बोललो नाही. त्या घरात तसं बोलायची सोय राहिली नव्हती. ती सोय ज्याने मोडली होती, तो सकाळचा चहा पिऊन घरापुढच्या खळ्यात उन्हाला बसला आणि बसल्या जागी कलंडला, हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं.

इनास माझा मेव्हणा आणि त्याच्याही आधी शाळेपासूनचा मित्र. मालवणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या वाडीत तो जन्मला, तिथल्याच माध्यमिक शाळेत त्याने आयुष्यभर विज्ञान शिकवलं, म्हणून आसपासच्या सगळ्या गावांना तो 'इनास मास्तर'. त्याला जाऊन आता महिना होऊन गेला. खरं तर त्याच्याविषयी लिहायचा माझा विचार नव्हता. जवळच्या माणसावर लेख लिहिणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पण त्याच्या मयताच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जे भाषण झालं, ते ऐकताना मी बाकावर बसल्या बसल्याच ठरवलं की हे असंच राहू द्यायचं नाही.

भाषण केलं आमच्या भागातल्या प्रार्थनासभेच्या प्रमुखांनी. त्यांना सगळे ब्रदर म्हणतात. त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव छापून आलं की ते कात्रण चौकटीत घालून भिंतीला लावतील, मजकूर न वाचता. पांढरी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात मोठा क्रूस, आणि माईक हातात आला की बदलणारा आवाज. बांगड्याचा भाव करताना त्यांचा आवाज तुमच्या-माझ्यासारखाच असतो. तर शवपेटीवर हात ठेवून, त्या दुसऱ्या आवाजात ते म्हणाले, "इनास मास्तरांचा विश्वास खडकासारखा होता. पोटची मुलगी गेली, पण या माणसाच्या डोळ्यांत आम्ही कधी अश्रू पाहिला नाही. याला म्हणतात ख्रिस्ती माणूस!"

मागच्या दारापाशी उभ्या असलेल्या बायकांतून आवाज आला, "खोटां!"

ती द्रौपदी होती, मालवणच्या बंदरावर मासळी विकणारी. चर्चमध्ये मध्येच बोलायचं नसतं हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं आणि शिकवलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. सगळी डोकी मागे वळली. तिने पदर सावरला आणि पुन्हा म्हणाली, "खोटां बोलतत ते. मास्तर माज्या घरात बसान रडलेलो." ब्रदरांनी डोळे मिटून 'आलेलुया' म्हटलं. अडचण आली की ते आलेलुया म्हणतात. पहिल्या बाकावरून माटिल्डने मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे सुजलेले होते, नाक लाल झालेलं होतं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

रेजिना ही इनास आणि माटिल्डची एकुलती एक मुलगी. कुडाळच्या कॉलेजात शिकत होती, म्हणजे आठवडाभर माझ्याच घरी असायची आणि शनिवारी वाडीत जायची. गाणं तिला अजिबात यायचं नाही आणि चर्चच्या गायकवृंदात गायचा हट्ट. इनास व्हायोलिन वाजवायचा. ती बेसूर झाली की तो हातातला गज न थांबवता भुवया उंचावून तिच्याकडे बघायचा आणि ती आणखी मोठ्याने गायची. बिमलं, कैऱ्या, कच्ची करवंदं, जे काही आंबट असेल ते मीठ लावून खायची आणि हसताना तिच्या नाकातून असा काही आवाज निघायचा की मूळ विनोद बाजूला राहून सगळे त्या आवाजालाच हसायचे. भाताची कापणी चालू होती, त्या दिवसांत तिला ताप आला. साधा ताप म्हणून आलेला तो ताप बघता बघता मूत्रपिंडांत उतरला. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेताना, बांद्याच्या पुढे, रुग्णवाहिकेत ती गेली. तिचं डोकं माटिल्डच्या मांडीवर होतं. इनास पुढे ड्रायव्हरशेजारी बसून रोजार, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत होता.

इनास रडला नाही. मयताची सगळी व्यवस्था त्यानेच बघितली. कबरीत पहिली मूठ माती टाकली, आल्यागेल्यांना हात जोडले, बाहेरगावाहून आलेल्या पाद्रींच्या जेवणाची विचारपूस केली. आणि मग घरी सांत्वन करणाऱ्यांची रीघ लागली. या जमातीविषयी मला थोडं बोलायचं आहे. एक बाई म्हणाल्या, देवाला त्याच्या बागेत सुंदर फूल हवं होतं. ज्याने सगळी बाग केली त्याला फुलं कमी पडली, म्हणून तो आमच्या कुंपणातलं तोडायला आला? दुसरे एक गृहस्थ म्हणाले, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. हे गृहस्थ स्वतः जन्मात सर्दीपलीकडच्या परीक्षेला बसलेले नव्हते. तिसरी, माझीच एक चुलत बहीण, माटिल्डला म्हणाली की तू रडतेस म्हणून पोरीच्या आत्म्याला वर चढताना जड जातंय. हे ती चहात खारी बुडवत म्हणाली. ही माणसं वाईट असतात असं नाही. ती घाबरलेली असतात. दुसऱ्याचं दुःख बघितलं की आपल्या दाराची कडी नीट लागलीय ना, हे त्यांना बघावंसं वाटतं. म्हणून घरात कुजका वास आला की फिनेल घेऊन धावावं तशी ती वचनं घेऊन धावतात. पण घाबरटपणाला श्रद्धा म्हणायची पद्धत पडली, की मग मला त्या माणसांची कीव येत नाही, किळस येते.

माटिल्ड रडत होती. चुलीपाशी, विहिरीपाशी, मिस्सेत, मिस्सेहून परत येताना. लोकांनी दोन्ही माणसं शेजारी उभी करून तोलली आणि निकाल दिला की मास्तरांचा विश्वास मोठा, बायकोचा कमी. मग एके दिवशी ब्रदर चार बायकांना घेऊन घरी आले. माटिल्डवर 'दुःखाचा आत्मा' बसला आहे आणि तो काढायला हवा, असं त्यांचं निदान होतं. तिला खुर्चीत बसवलं, बायकांनी वेढलं, ब्रदरांनी तिच्या डोक्यावर पंजा ठेवून मोठमोठ्याने हुकूम सोडायला सुरुवात केली. बराच वेळ ते चाललं. आत्मा काही निघेना. शेवटी माटिल्ड म्हणाली, "ब्रदर, हात काढा. माजे केस ओढतत." त्यावर ते बाहेर येऊन इनासला म्हणाले की आत्मा फारच हट्टी आहे. आणि इनासने, माझ्या देखत, त्यांना 'थँक यू' म्हटलं.

त्या वर्षी मला माझा मेव्हणा सहन होत नव्हता. हे मी त्याच्या पश्चात धीट होऊन लिहितो आहे असं कोणी समजू नये. तेव्हाही मी ते त्याला तोंडावर सांगितलं होतं. कारण ब्रदरांनी एव्हाना त्याला 'साक्ष' द्यायला फिरवायला सुरुवात केली होती. साक्ष म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केलं ते सभेत उभं राहून सांगायचं. मुलगी गेली तरी न डगमगलेला बाप, तोही मास्तर, शुद्ध मराठीत बोलणारा, असा माणूस कुठल्या सभेला नको असतो? आज वेंगुर्ला, उद्या सावंतवाडी, परवा सीमेपलीकडे गोव्यात. इनासकडे गाडी नव्हती, तेव्हा बऱ्याचदा मीच त्याला नेत असे. मेव्हणा म्हणून नव्हे, माटिल्डने सांगितलं म्हणून. मी मागे उभा राहून ऐकायचो. पहिल्यांदा तो अडखळत बोलला. पुढे पुढे भाषण गुळगुळीत होत गेलं. थांबायच्या जागा ठरल्या. 'आणि त्या क्षणी माझ्या मनात एक विलक्षण शांती उतरली' या वाक्याच्या आधी तो पाण्याचा घोट घ्यायचा आणि समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. म्हणजे रेजिनासाठी रडायची मुभा सगळ्या तालुक्याला होती, तिच्या आईबापांना सोडून.

परतताना एकदा मी गाडीत त्याला म्हटलं, "इनास, शांती कसली उतरली रे? मी रुग्णवाहिकेच्या मागच्या गाडीत होतो. तू उतरलास तेव्हा तुझे पाय धरत नव्हते."

"तुका विश्वास नाय म्हणान तुका तसा दिसता," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"आणि माटिल्डला?"

त्याने खिडकीची काच वर चढवली. माटिल्डने मला जे सांगितलं होतं ते मी त्याला सांगितलं नाही. ती म्हणाली होती, "दादा, तो थंय सगळ्यांका तिची गोष्ट सांगता. घरात तिचां नाव घेणा नाय."

मग शिरोड्याची सभा झाली. समुद्राजवळ, सुरूच्या बनाच्या अलीकडे मांडव घातला होता. दिवस कलत होता, वारा सुटला होता आणि कनाती फडफडत होत्या. इनासच्या आधी तिथल्या मुलींनी गाणं म्हटलं. मुली साध्याच, शाळाकॉलेजातल्या. त्यातली एक, कडेची, सडपातळ, इतकी बेसूर होती की मीही मान वर केली. मी सहज इनासकडे बघितलं. तो मंचावर ब्रदरांच्या शेजारी बसला होता. त्याच्या भुवया उंचावल्या होत्या... वर्षभराने, आपोआप, जुन्या सवयीने. मुलीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिला काय माहीत! भुवया तशाच वर राहिल्या आणि मग हळूहळू खाली आल्या.

तो बोलायला उभा राहिला. देवाचे आभार मानले, मुलीचं नाव सांगितलं, ताप सांगितला, रुग्णवाहिका सांगितली. बांद्यापर्यंत आला आणि पाण्याचा घोट घेतला. मग पुढचं वाक्य येईना. लोक वाट बघत होते. तो पुन्हा पाणी प्यायला. कनाती वाजत होत्या. ब्रदर हसतमुखाने पुढे झुकले आणि हळूच म्हणाले, "शांती, मास्तर... शांती." माईकमधून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

इनासने त्यांच्याकडे बघितलं. मग समोर बघितलं. आणि शाळेत, सभेत, चर्चमध्ये आयुष्यभर प्रमाण मराठी बोललेला तो माणूस आमच्या वाडीच्या बोलीत म्हणाला, "माका माजां चेडू होया." माझी मुलगी मला हवी. एकदा हळू म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. मग त्याच्या छातीतून जो आवाज निघाला तो मी माणसाच्या तोंडून कधी ऐकलेला नव्हता. गाय वासरासाठी ओरडते ना, तसा काहीतरी... तो गुडघ्यांवर बसला आणि माईक हातातून सुटून घरंगळला.

इतकी माणसं तिथे होती. दुःखितांचे अश्रू पुसणाऱ्या देवाची गाणी नुकतीच म्हणून झाली होती. एकही माणूस मंचावर चढला नाही. ब्रदरांनी तत्परतेने काय केलं असेल? त्यांनी कीबोर्डवाल्याला खूण केली. ढोलकीच्या ठेक्यासकट एक आनंदी गाणं सुरू झालं, टाळ्या वाजू लागल्या, आणि त्या गोंगाटावरून ब्रदर ओरडून सांगू लागले की बंधूला थकवा आला आहे, सैतान साक्ष मोडायला बघतो आहे, सगळ्यांनी हात वर करा. शेकडो हात वर झाले. मी त्या हातांच्या मधून वाट काढत मंचावर गेलो, इनासच्या काखेत हात घातला आणि त्याला खाली आणला. एवढे हात हवेत होते आणि खाली पडलेल्या माणसाला उचलायला त्यातला एक मोकळा नव्हता, हे मी कधी विसरणार नाही आणि विसरायची मला इच्छाही नाही.

गाडीत तो घरापर्यंत रडला. वेंगुर्ला गेलं, परुळं गेलं. मी दोनदा विचारलं, थांबू का. तो मान हलवून नको म्हणाला. दिवेलागणीला आम्ही वाडीत पोचलो. माटिल्ड स्वयंपाकघरात जमिनीवर बसून खोबरं खवत होती. इनास दारात उभा राहिला. चेहरा सुजलेला, शर्ट भिजलेला. तिने वर बघितलं, काय झालं असावं ते तिला कळलं. तो तिच्या समोर जमिनीवर बसला. ती खवतच राहिली.

"वर्स झालां," ती म्हणाली. "आता इलंस?"

 तिचे हात जोरात चालत होते. वाटीतलं खोबरं संपलं, करवंटी लागली, करवंटीचा काळा भुसा पांढऱ्या खोबऱ्यात पडायला लागला, तरी ती थांबली नाही. मग तो म्हणाला, "रेजिना." नुसतं नाव. ती थांबली. "रेजिना गो..." तो म्हणाला, आणि माटिल्डने करवंटी बाजूला टाकली. मी तिथून बाहेर आलो. पुढचं मला माहीत नाही. मी गाडीपाशी उभा होतो, एवढंच मला ऐकू येत होतं की त्या घरात पहिल्यांदाच दोन माणसं एका वेळी रडत आहेत.

असं झालं म्हणून लगेच सगळं गोड झालं, असं मी लिहिणार नाही. असल्या गोड गोष्टी ब्रदरांच्या मासिकात येतात. माटिल्डने त्याला सहजासहजी माफ केलं नाही. कितीतरी दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची आणि मध्येच एखादा टोमणा मारायची, 'जा, वेंगुर्ल्याक सांगून ये.' तो ऐकून घ्यायचा. एका रविवारी, दुपारच्या जेवणानंतर, मी त्याला विचारलं, तू वर्षभर रडला का नाहीस? तो उठला, विहिरीपाशी जाऊन हात धुऊन आला. मग म्हणाला, "फेलू, माका वाटला मी रडलंय तर देव नाय म्हणून कबूल केल्यासारखां होतलां. आणि मगे लोकांनी माका सांतासारखो वर चढवन ठेवलो. सांत खंय रडता?" चर्चमधल्या संतांच्या पुतळ्यांना आम्ही सांत म्हणतो. वर्षातून एकदा त्यांना नवा रंग देतात.

चर्चमध्ये पुढे जे झालं ते कोणालाही ओळखता येण्यासारखंच आहे. ज्या इनासच्या आवाजात बायबलचं वाचन ऐकायला लोक आवर्जून मिस्सेला येत, त्याला 'थोडे दिवस आराम करा मास्तर' असं सांगण्यात आलं. ते थोडे दिवस कधी संपले नाहीत. व्हायोलिनही दुसऱ्याकडे गेलं. 'मास्तर ढासळलो' असं म्हणून लोक हळहळले. ती हळहळ मी ऐकली आहे, तिच्यात एक प्रकारचं समाधान होतं. एक पाय घसरलेला मोठा माणूस बघून छोट्या माणसांना जे वाटतं ते. इनास शेवटच्या बाकावर बसायला लागला. माटिल्डशेजारी. मिस्सा चालू असताना दोघांपैकी एकाला रडू आलं की दुसरं सरकून जवळ बसायचं. त्यांच्या पुढचं बाक बहुतेक वेळा रिकामं असायचं. रडणं संसर्गजन्य आहे, अशी आमच्या भाविकांची समजूत असावी.

मग तो घरोघर जायला लागला. सुरुवात द्रौपदीपासून झाली. तिचा नवरा होडी उलटून गेला. तीन दिवसांनी त्याचा देह आचऱ्याच्या बाजूला किनाऱ्याला लागला. मुलं इनासच्या शाळेत होती म्हणून तो गेला. मी सोबत होतो. घरात माणसं दाटीवाटीने बसली होती आणि कोणीतरी ज्येष्ठ गृहस्थ सांगत होते की देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून तो त्यांना लवकर नेतो. इनास दारातूनच म्हणाला, "मगे तुमका काय भिया नको." थोडा वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. मग द्रौपदी, जी इतके दिवस दगडासारखी बसली होती, एकदम हसली. आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं ते थांबेना. इनास तिच्यासमोर जाऊन बसला. त्याने तिच्या नवऱ्याचं नाव विचारलं, तो कोणतं कालवण आवडीने खायचा ते विचारलं, आणि ती सांगू लागली तसे याचे डोळे वाहू लागले. हा ख्रिस्ती, ती हिंदू, तिथे जमलेले निम्मे लोक याला ओळखतसुद्धा नव्हते. कोणाला काही विचित्र वाटलं नाही. विचित्र वाटलं ते आमच्या लोकांना. 'परधर्मीयांच्या घरी जाऊन निदान प्रभूची शांती तरी द्यायची,' ब्रदर म्हणाले म्हणे.

त्यानंतर त्याला बोलावणी येऊ लागली. कोणी त्याला प्रार्थना म्हणायला बोलवत नसे, नुसतं येऊन बसायला बोलवत. काही पोरांनी त्याचं नाव 'रडको मास्तर' ठेवलं. त्याने ते हसून स्वीकारलं. तो सगळीकडे सारखाच उपयोगी पडायचा असंही नाही. एका घरातून त्याला उठवून लावलं, कारण त्या घराला रडायचं नव्हतं, आणि तो गुमान उठून आला. मी त्या घरावर चिडलो तर म्हणाला, "त्यांचां घर. त्यांका जमात तेव्हा रडतीत."

माझ्या चिडण्यावर त्याचं बारीक लक्ष असे. एकदा मी खळ्यात बसून ब्रदरांची नक्कल करत होतो, तो आवाज, ते डोळे मिटणं. माटिल्ड हसून लोटपोट झाली होती. इनासही हसला. मग म्हणाला, "ख्रिस्त मित्राच्या थडग्यापाशी रडलो, खरां मा?"

"खरं."

"तेका म्हायत होतां, थोड्या वेळान तो मित्र जितो होऊन भायर येतलो. आपणच तेका उठवतलंय म्हणून म्हायत होतां. तरी रडलो. कित्याक?"

मी म्हटलं, तूच सांग.

"मित्राच्यो बहिणी रडत होत्यो म्हणान," इनास म्हणाला. "दुसरां काय कारण नाय. मी किती वर्सां ता चर्चमध्ये वाचलंय, माका कधी दिसला नाय."

"ब्रदर तिथे असते तर म्हणाले असते, प्रभू, तुमचा विश्वास कमी पडतोय," मी म्हणालो. तो पुन्हा हसला, पण त्याची नजर माझ्यावरून हलली नाही. "फेलू, तुजो राग बरो आसा. माका तेचो उपयोग झालो. पण आमचां चेडू गेलां, तुज्याकडे ऱ्हवलेलां, तुज्या हातचां जेवलेलां... तू खंय रडलंस?" या प्रश्नाचं उत्तर मी त्याला दिलं नाही. इथेही देणार नाही.

गेल्या आठवड्यात महिन्याची मिस्सा झाली. ब्रदर आले नाहीत. त्यांना दुसरीकडे सभा होती. मिस्सेनंतर मी माटिल्डकडेच थांबलो. दुपारी जेवून आम्ही खळ्यात बसलो होतो. तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली आणि चालवणारा माणूसच उतरून आत आला. पन्नाशीचा, खाकी शर्ट, दाढी वाढलेली, डोकं भादरलेलं. त्याने हात जोडले. "मास्तरांचां घर ह्यांच मा? मी आचऱ्यासून इलंय. माका मास्तरान शाळेत शिकवल्यान."

"ह्यांच घर," माटिल्ड म्हणाली. "मास्तर गेले. महिनो झालो."

तो माणूस ओशाळला. त्याला माहीतच नव्हतं. दोन पावलं मागे सरला आणि रिक्षाकडे वळला. माटिल्डने विचारलं, "काय काम होतां?"

"काय नाय... माजी आवस गेली. मास्तर येऊन बसतत असां कोणी सांगल्यान, म्हणान..." तो रिक्षाच्या छपरावर हात ठेवून बोलत होता. "म्हातारी होती हो. नव्वदी उलटलेली. सगळे म्हणतत, सोनां झालां, पिकलां पान गळलां, आता पन्नास वर्सांच्या माणसान रडाचां कित्याक. पोरां पण हसतत. पण माका..."

त्या म्हणणाऱ्या 'सगळ्यां'विषयी माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. चांगलं धारदार वाक्य होतं. माटिल्डने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी ते गिळलं. ती उठली, त्याला म्हणाली, "भितर ये, बस." तो चपला काढून आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. ती त्याच्या समोर पायरीवर बसली. ब्रदरांच्या मते जिचा विश्वास कमी, जिच्यावर आत्मा बसलेला, ती माझी बहीण. तिने विचारलं, "आवशीचां नाव काय?"

"सरस्वती," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे हलायला लागले.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर आधी एकाचाच आवाज येत होता, मग दोघांचा येऊ लागला. आधण उकळलं. उकळून उकळून अर्धं झालं. बाहेर अजून दोघं रडत होती. मी भांड्यात आणखी पाणी ओतलं.